मालिकुंडा बंबारा घोषणा

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये ३१ जुलै १९९७ रोजी झालेली जाहीर घोषणा. म्बूर शहराजवळच्या मालिकुंडा बंबारा या गावातील बायकांनी पत्रकारांना बोलावून, यापुढे आपल्या मुलींचे जननांगछेदन करणार नाही, असे सांगितले. या प्रथेविरुद्धच्या आरोग्यमोहिमांना या घोषणेने वेगळे वळण दिले.

छेदनात बाह्य जननांगाचा काही किंवा सर्व भाग वैद्यकीय कारण नसताना कापतात. त्यातून रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास आणि पुढे बाळंतपणातील गुंतागुंत उद्भवते. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रियांचे छेदन झालेले आहे. जुन्या मोहिमा धोक्यांची ही यादी वाचून दाखवत. आयांना धोका ठाऊक नव्हता असे नाही, पण न कापलेल्या मुलीला स्थळ कुठून आणायचे, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय नुसता धोका सांगितला की कुटुंबे छेदनासाठी दाईऐवजी डॉक्टर गाठतात. इजिप्तमध्ये नेमके हेच मोठ्या प्रमाणावर घडले.

मालिकुंडात ‘तोस्तान’ ही संस्था प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालवत होती. मॉली मेल्चिंग यांनी ती १९९१ मध्ये स्थापन केली. वोलोफ भाषेत या शब्दाला कवच फोडून पिल्लू बाहेर येण्याचा अर्थ आहे. शिकवणे स्थानिक भाषेत चाले, आणि स्वच्छता, लसीकरण, हक्क असे विषय असत. स्त्री-आरोग्याच्या पाठात छेदनानंतर दगावणाऱ्या मुलीचे एक नाटुकले होते. त्यावर बोलायची वेळ आली तेव्हा बायका गप्पच बसल्या. हा विषय चारचौघांत काढायचाच नसतो. तोंडे उघडली ती हळूहळू, आणि मग कुणाची मुलगी आजारी पडली, कुणाचे रक्त थांबेना, हे बाहेर येऊ लागले.

घोषणेचे कौतुक झाले, तसा शेजारच्या गावांतून रागही उसळला. गावची अब्रू वेशीवर टांगली, अशी ती भावना होती. खरी मेख ओळखली ती केर सिंबारा गावचे इमाम देंबा दियावारा यांनी. आमच्या लेकी दहा गावांत दिल्या आहेत, तिथूनच सुना येतात. सोयऱ्यांना न विचारता एकटे गाव हे कसे ठरवील, असे त्यांचे म्हणणे. बेटीव्यवहाराचे हे गणित मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. दियावारा आप्तांच्या गावोगावी पायी फिरले. कुणाला दोष द्यायचा नाही, अभद्र चित्रे दाखवायची नाहीत, प्रथेचा उल्लेख आडून करायचा, ही त्यांची रीत. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगू येथे १३ गावांनी एकत्र घोषणा केली. सगळे सोयरे एकदमच थांबले, म्हणजे कुणाचीच मुलगी घरी बसणार नाही.

राज्यशास्त्रज्ञ गेरी मॅकी यांनी १९९६ मध्येच चीनमधील पाय बांधण्याच्या प्रथेवरून हा तर्क मांडला होता. तिथल्या सभांत पालक दोन शपथा घेत : मुलीचे पाय बांधणार नाही, आणि बांधलेल्या पायांची सून करणार नाही. दियावारांना हे शोधनिबंध वाचून कळलेले नव्हते.

जानेवारी १९९९ मध्ये सेनेगलच्या संसदेने छेदन हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे कैद. तोस्तानच्या मते तिच्या कार्यक्षेत्रातील विविध देशांत मिळून ८,००० हून अधिक वस्त्यांनी अशा घोषणा केल्या आहेत. घोषणा केलेल्या प्रत्येक घरात प्रथा थांबलीच, असे मात्र समजू नये. २०१९ मध्ये सेनेगलमधील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांचे छेदन झालेले आढळले. वोलोफ समाजात ही प्रथा जवळपास नाही, तर आग्नेयेकडील भागांत ती अजून दाट आहे. त्यामुळे देशाची सरासरी फसवी ठरते.

सोयरीक सीमा मानत नाही. शेजारच्या गांबियात याच वयोगटातील चारपैकी जवळपास तिघींचे छेदन झालेले आहे. तिथे २०१५ मध्ये बंदी आली, ती उठवण्याचे विधेयक पुढे संसदेत आले आणि जुलै २०२४ मध्ये फेटाळले गेले.