तांबड्या घरांची गोष्ट

स्वीडनच्या खेड्यापाड्यांतून हिंडताना एक गोष्ट चटकन नजरेत भरते. शेताच्या कडेला, तळ्याकाठी, रानाच्या तोंडाशी, जिकडे पाहावे तिकडे गेरूच्या रंगाची लाकडी घरे! चौकटी तेवढ्या पांढऱ्या. वाचकहो, हा रंग आला एका तांब्याच्या खाणीतून.

फालुन गावची ही खाण सुमारे हजार वर्षे चालली. सतराव्या शतकात स्वीडनच्या लढायांचा खर्च बराचसा तिनेच उचलला. १६८७ साली खाण आत ढासळली. पण तो सणाचा दिवस, कामकरी घरी होते, म्हणून कोणी दगावले नाही. तांबे काढून उरलेल्या टाकाऊ मालाचे ढीग तिथे वर्षानुवर्षे पडून होते. उन्हापावसाने त्यातले लोखंड गंजले. तीच माती धुऊन, वाळवून भाजली की रंग तयार. जास्त भाजली तर काळपट.

सोळाव्या शतकात हा रंग राजवाड्यांच्या छपरांना लागला. पुढे सरदारांनी लाकडी वाड्यांना लावला, कारण दुरून ते विटांचे वाटत! शेतकऱ्यांच्या घरांवर तो सर्रास दिसू लागला एकोणिसाव्या शतकात.

आता तो शिजवतात कसा, ते ऐका. पाण्यात राय नावाच्या धान्याचे पीठ घालून खळ करायची. त्यात हिराकस, ही माती आणि थोडे जवसाचे तेल. हिराकस बुरशीला आवर घालते, खळ रंग धरून ठेवते. असा रंग लाकडावर साय धरत नाही. त्यामुळे फळीत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहते. सारी खुबी इथेच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात नवे चकचकीत रंग आले. पुष्कळांना वाटले, वरचेवर रंगवण्याची कटकट गेली. पण त्या रंगाची साय फुटली की भेगेतून पाणी आत जाई आणि आतच कोंडून राही. वरून घर नवे, आतून फळी कुजलेली! जुन्या रंगाकडे परतायचे तर आधी ती साय खरवडून काढणे आले.

जुन्या रंगाची निगा मात्र सोपी. तो सोलपटत नाही, भुकटी होऊन झडतो. दहा-पंधरा वर्षांनी ताठ ब्रशाने सुटी भुकटी झाडायची आणि तोच रंग पुन्हा द्यायचा. जमिनीलगतच्या फळ्यांची खालची टोके मात्र दर साल तपासावी लागतात. पावसाचे शिंतोडे आणि बर्फ तिथेच मुरतात. टोक मऊ लागले तर तेवढी फळी बदलायची. अख्खी भिंत उतरवायची गरज नाही.

१९९२ साली खाण बंद झाली, २००१ मध्ये ती जागतिक वारशात गेली. पण त्या जुन्या ढिगांतून आजही रंग निघतो, आणि उन्हाळा आला की ब्रश घेऊन माणसे शिडीवर चढतात.