हप्ता आमचा, रिमोट कुणाचा?



दिवाळीच्या आधी आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे दोन अर्ज आले. दोन्ही टीव्हीसाठी. एकीला भिंतीवर लावायचा भला मोठा टीव्ही हवा होता, दुसरीला साधा चालणार होता. शेळी, शिलाई मशीन, बियाणं म्हटलं की आम्ही लगेच सह्या करतो. टीव्ही म्हटल्यावर मात्र दोन तट पडले. "ही चैन आहे, गटाचा पैसा चैनीला नाही," असं काहीजणींचं म्हणणं. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या आक्का बोलल्या, "आजवर सिनेमा बघायला बाईनं कधी आपल्या मर्जीनं पैसा घातलाय का, ते आधी आठवा." कर्ज बाजूला राहिलं आणि आठवणी निघाल्या. त्या आठवणी आणि वाचून गोळा केलेली थोडी माहिती आज तुमच्यापुढे मांडतो.

सिनेमा आपल्या घरात आला असं आपण म्हणतो. खरं तर आपल्याकडचा सिनेमा घरातूनच बाहेर गेला. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमागृहात लागला. त्या चित्रपटामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे कष्ट होते. त्यांनी अंगावरचे दागिने दिले. दिवसा काम करणाऱ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला आणि रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुवायला शिकल्या. तारामतीचं काम मात्र अण्णा साळुंके या पुरुषानं केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळत नव्हती. पैसा बाईचा, राबणं बाईचं, आणि पडद्यावर बाई नाही! हे ऐकून आमच्या बैठकीत हशा पिकला, पण थोडा वेळच.

पुढं गावोगावी पोचला तो तंबूतला सिनेमा. जत्रेत ट्रक यायचा, तंबू उभा राहायचा, भोंग्यावर गाणी लागायची. जमिनीवर बसायचं, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी. रीळ तुटलं की शिट्ट्या. आक्कांनी पहिला सिनेमा असाच पाहिला, पण अर्धाच. मांडीवरचं पोर रडायला लागलं म्हणून सासूबाईंनी उठवलं. त्या गोष्टीचा शेवट काय झाला, ते त्यांना आजही ठाऊक नाही.

मग टीव्ही आला. दिल्लीत १९५९ साली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या भागात तो पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. आधी परवाना काढावा लागे, पुढे ती अट गेली. गावात एखाद्या घरी लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा टीव्ही असे. छपरावर अँटेना. एकजण वर चढून ती फिरवणार, दुसरा खालून ओरडणार, "अजून मुंग्याच येताहेत!" वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट. पुढं १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळ ओस पडू लागली. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून बघायचं म्हणजे बाईला आधी चार भाकरी थापून, पाणी भरूनच जायला मिळे. ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्या बाईची तर वेगळीच गत. पन्नास माणसांच्या चपला, पाणी, लहान पोरांची शी-शू, सगळं तिच्याच माथी.

१९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत चित्र आलं आणि त्याच सुमारास व्हीसीआर. जपानमध्ये तेव्हा दोन तऱ्हेच्या कॅसेटची चढाओढ चालली होती, बीटामॅक्स आणि व्हीएचएस. व्हीएचएसनं बाजी मारली, त्याचं एक कारण म्हणजे तिच्यात जास्त वेळाचं चित्रण मावे. तीन तासांची कॅसेट मिळायला लागली आणि आपला अख्खा हिंदी चित्रपट एकीतच बसला. गणपतीत किंवा लग्नाच्या घरी वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचे, आणि भाडं वसूल व्हावं म्हणून रात्रभरात तीन चित्रपट. ते निवडणार तरणी पोरं. आमच्या बाया रात्रभर चहा करायच्या आणि पहाटे झाडलोट.

एकदाच उलटं झालं. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' लागला तेव्हा आमच्या गावच्या बायांनी स्वतः पैसे गोळा केले, ट्रॅक्टर ठरवला आणि तालुक्याला गेल्या. रडून रडून पदर भिजले, पण शेवटापर्यंत बसल्या. आक्का म्हणतात, "रडायला गेलो नव्हतो गं, बसायला गेलो होतो."

नव्वदच्या दशकात केबलची वायर घरोघरी आली. मग सीडी आली. एका व्हीसीडीत साधारण सव्वा तासाचंच चित्रण मावत असल्यानं एका चित्रपटाला दोन-तीन सीड्या लागत. डीव्हीडीनं ती अडचण सोडवली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सुरू झाली, आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि पेटीचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. नंतर मोबाइल. आता घरात चौघं चार कोपऱ्यांत चार चित्रपट बघतात आणि ज्या बाईकडे साधा फोन आहे, ती पाचव्या कोपऱ्यात भांडी घासते.

हा सगळा इतिहास काढल्यावर एक गोष्ट आम्हाला दिसली. यंत्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदललं, पण निवड कुणाची आणि बसायची सवड कुणाला, हे फारसं बदललं नाही. म्हणून टीव्हीला कर्ज द्यावं की नाही, हा आमचा प्रश्नच चुकला होता.

पुढच्या बैठकीत आम्ही दोघींबरोबर बसून हिशेब केला. पडद्याचे इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात; तेव्हा दुकानात जायच्या आधी भिंतीवर सुतळी धरून बघा. खोली दहा फुटांची असेल तर बत्तीस इंची पुरतो. तो साधारण ५० वॅटचा असतो, म्हणजे वीस तास चालला तर एक युनिट वीज. स्मार्ट टीव्ही घेतला तर इंटरनेटचा रिचार्ज दर महिन्याला आला. हप्त्यात तोही धरायचा. हे मांडल्यावर पहिलीनं मोठ्या टीव्हीचा हट्ट सोडला. दोघींनी बत्तीस इंची घेतला, एकीनं फ्री डिशवर.

टीव्ही कुठल्या भिंतीवर लावायचा यावरही बोलणं झालं. एकजण म्हणाली, "चुलीपुढून दिसेल असा लावा." आक्कांनी तिला तिथंच थांबवलं. "चुलीपुढून दिसावा म्हणून नको. चूल बंद करून बसता यावं म्हणून हवा." मग कर्जाच्या अर्जात आम्ही एक ओळ वाढवली: आठवड्यातला कोणता वेळ अर्जदार स्वतःच्या आवडीचं बघणार?

एकीच्या घरी रविवारची दुपार खरोखर तिची झाली आहे. मुलगा कुरकुरतो, पण ताटं उचलतो. दुसरीच्या घरी अजून जमलेलं नाही. ती हप्ता वेळेवर भरते आणि चित्रपट स्वयंपाकघरातून ऐकते. दर बैठकीला तिच्या बचतीच्या आकड्यासोबत आम्ही हेही विचारतो, "या आठवड्यात शेवटापर्यंत बसलीस का?" ती हसून मान हलवते. आम्ही विचारणं सोडलेलं नाही.

तुमच्या गटात टीव्हीचा अर्ज आला तर किंमत विचारा, वीज विचारा, आणि हेही विचारा.