दात खाण्याचा इतिहास

मूल झोपेत दात खाऊ लागले की आपल्याकडे त्याला जंताचे औषध मिळे. मोठ्या माणसाने दात खाल्ले तर मात्र औषध नाही; मनातला राग काढतो आहे, एवढेच घरचे म्हणत. दातओठ खाणे, दातखिळी बसणे हे वाक्प्रचार पाहिले तर मन आणि जबडा यांचे नाते भाषेने केव्हाच ओळखले होते असे दिसते. वैद्यकाला त्यासाठी जो लांबचा वळसा घ्यावा लागला, तो आम्ही आज सांगणार आहोत.

१९३४ साली अमेरिकेत सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी अवघ्या ११ रोग्यांवरून एक निबंध लिहिला. कानात दडे बसणे, डोके दुखणे यांचे मूळ त्यांनी कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात दाखविले. दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, हाड मागे सरकते आणि नसा दाबते, असे त्यांचे म्हणणे. उपाय सरळ : दातांची उंची वाढवा, चावा दुरुस्त करा. १९४८ साली हॅरी सिखर या शरीररचनेच्या पंडिताने दाखविले की हाडाने त्या नसा अशा दाबल्या जाणे शक्य नाही. तरीही दंतवैद्यांची कानस थांबली नाही. यंत्र अडले की आधी दाते तपासायचे, ही सवय कारखान्यातल्या फिटरलाही असते. पण माणसाचा घासलेला दात भांडारातून बदलून मिळत नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी हाडावरची नजर स्नायूंवर आणि मनाच्या ताणावर नेली. १९६९ मध्ये शिकागोच्या डॅनियल लास्किन यांनी साखळीच मांडली : ताणामुळे माणूस दात आवळतो, खातो; त्याने स्नायू थकतात; थकलेल्या स्नायूंत पेटके येऊन दुखणे सुरू होते. १९७६ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. २५ रोग्यांचे दात घासल्याचे नुसते सोंग केले. चावा होता तसाच ठेवला. १६ जणांचे दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे गेले! मग ते रोगी ढोंगी होते काय? मुळीच नाही. दुखणे खरे होते, त्याचे खापर मात्र उगाच दातांवर फुटत होते.

परंतु येथे दुसरा अन्याय सुरू झाला. दातातून काढलेला दोष रोग्याच्या स्वभावात नेऊन ठेवला गेला. ‘चिंता करू नका’ म्हटले की डॉक्टर मोकळा. उपचाराला येणाऱ्यांत स्त्रिया अधिक, त्यामुळे हे म्हणणे आणखीच सोपे गेले. घरभाडे थकले आहे काय, नोकरी टिकेल काय, हे कोण विचारणार? करोनाच्या साथीत, २०२१ च्या आरंभी, अमेरिकेच्या दंतवैद्य संघटनेने दंतवैद्यांकडे चौकशी केली, तेव्हा शेकडा ७० हून अधिक जणांनी दात खाणारे रोगी वाढल्याचे सांगितले. एका वर्षात एवढ्या लोकांचे स्वभाव बदलले असे कोणी म्हणेल काय?

दुखण्यामुळे चिंता की चिंतेमुळे दुखणे, हा वादही जुनाच. त्यासाठी अमेरिकेत जबडा न दुखणाऱ्या २,७३७ माणसांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१३ साली निष्कर्ष आले : २६० जणांना दुखणे नव्याने जडले, आणि आधीपासून ज्यांना ताण अधिक वाटत होता, दात आवळायची सवय होती, त्यांना ते अधिक जडले. झोपेतले दात खाणे मात्र इतके सरळ नाही. त्याचा संबंध झोप क्षणभर चाळवण्याशी अधिक दिसतो. म्हणून रात्री दात खाणारा प्रत्येक जण चिंतातुर असतोच असे नाही.

१९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने सांगितले की, जे मागे घेता येतील तेच उपचार आधी करावेत. ते साधे आहेत : मऊ अन्न, गरम शेक, जबड्याला विश्रांती, आणि जागेपणी ओठ मिटले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना लागू न देणे.