परका शब्द, जपानी प्रत्यय

परभाषेतून आलेला शब्द स्वभाषेचा केव्हा होतो, या प्रश्नाचा निर्णय कोशकारांच्या आधी तरुणांची बोलीच करीत असते. जपानी भाषेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

१९००च्या सुमारास उंच पाश्चात्त्य कॉलर मिरविणाऱ्यांना तेथे उपहासाने 'हाइकारा' म्हणत. पुढे उपहास ओसरून त्या शब्दाला ऐटदारपणाचा अर्थ आला. त्याच्या विरोधात रांगडेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रानटी या अर्थाचे 'बान' जोडून 'बानकारा' हा शब्द सिद्ध झाला. त्यात इंग्रजी कॉलरचे शेपूट उरले. कॉलर मात्र उरली नाही. १९२३च्या भूकंपानंतर उभ्या राहणाऱ्या टोकियोत 'मॉडर्न गर्ल' व 'मॉडर्न बॉय' यांची 'मोगा' आणि 'मोबो' अशी दोन-दोन मात्रांची रूपे रुळली. १९२४मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या तानिझाकी जुनइचिरो यांच्या 'चिजिन नो आइ' या कादंबरीतील नाओमी ही या 'मोगा'चीच प्रतिमा मानली जाते.

याहून सूक्ष्म प्रक्रिया क्रियापदांत दिसते. कामगार चळवळीतून आलेल्या 'साबोताजु' या मूळ फ्रेंच शब्दाला तोडून 'रु' हा क्रियापदाचा अंत्य जोडला गेला आणि काम वा वर्ग चुकविणे या अर्थी 'साबोरु' हा धातू तयार झाला. त्याचे निषेधरूप 'साबोरानाइ' असे शुद्ध जपानी वळणाचे होते. गूगलवर शोधणे या अर्थाचा 'गुगुरु' आणि इंग्रजी 'डिसरिस्पेक्ट'पासून आलेला, निंदा करणे या अर्थाचा 'डिसुरु' हे अलीकडचे धातूही याच मार्गाने आले.

याउलट, युद्धकाळात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. १९४३मध्ये बेसबॉलच्या मैदानावर 'स्ट्राइक'ऐवजी 'योशी' पुकारले जाऊ लागले. युद्ध संपताच जुने शब्द परतले. सक्तीची शुद्धी अशी अल्पायुषी ठरली. तरीही वडीलधाऱ्यांची व्यथा खोटी नाही. २०१३मध्ये एका वृद्ध प्रेक्षकाने, परकीय शब्दांच्या अतिरेकामुळे कार्यक्रम समजत नाहीत, अशी तक्रार करून एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर दावा लावला होता.

परंतु येथे एक भेद करणे आवश्यक आहे. प्रतिष्ठेपोटी उचललेले शब्द पुष्कळदा भाषेत पाहुण्यासारखे राहतात. थट्टेत सापडलेल्या शब्दांना मात्र तरुण तोडतात, वाकवितात आणि प्रत्ययांच्या शिस्तीत बसवितात. ज्या टवाळ बोलीवर भाषा बिघडविल्याचा आरोप होतो, तिनेच परक्या शब्दांना जपानी व्याकरण शिकविले आहे. भाषेचे सामर्थ्य शब्दाच्या कुळात नसून त्याला आपले विकार लावण्याच्या शक्तीत असते. ती शक्ती जागी आहे, तोवर उसनवारीचे भय बाळगण्याचे कारण नाही.