बाळंतविडा घरी शिवताना

पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी आणि बारशाला नातलगांनी आणलेला बाळंतविडा, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी, लाळेरी, गोधडी आणि बाळंतिणीसाठी लुगडे-खण असा हा सरंजाम असतो. सोलापूर-विजयपूर मार्गावरील मंद्रूपच्या परिसरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे या वस्तूंची नावेही दुहेरी आहेत. मराठी घरातील कुंची कानडी घरात ‘कुंचिगे’ होते आणि वाकळेची ‘कौदी’ होते. वस्तू मात्र त्याच, आणि बहुतेक घरीच शिवता येण्याजोग्या.

बाळ जन्मण्याआधी त्याचे कपडे शिवू नयेत, असा संकेत अनेक घरांत आजही पाळला जातो. त्यामुळे पूर्वी बाळाचे पहिले दिवस आजीच्या जुन्या लुगड्याच्या बाळोत्यांतच जात. संकेतामागे त्या काळच्या बालमृत्यूंची भीती असावी, परंतु त्यातून साधलेली सोय खरी होती. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्यातील खळ आणि सुटा रंग निघून गेलेला असतो. ते मऊ असते आणि ओल चटकन शोषून घेते.

आज नेमकी अडचण येथेच येते. घरातील जुन्या साड्या बहुधा पॉलिस्टरच्या असतात. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि असे कापड घाम शोषत नाही. परिणामी मानेवर, काखेत आणि जांघेत घामोळे उठते. शंका असल्यास कापडाचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. जुने सुती कापड नसेल तर मलमल, वायल किंवा होजिअरी घ्यावे आणि शिवण्यापूर्वी दोन-तीन वेळा धुऊन कडक उन्हात वाळवावे. 1877 पासून कापडगिरणी पाहिलेल्या सोलापूरची चादर बाळासाठी जाड पडते. तेथील टेरी टॉवेल मात्र अंघोळीनंतर बाळाला टिपण्यासाठी उत्तम. चादरीप्रमाणेच या टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

शिवणात अवघड असे फारसे नाही. कुंचीसाठी सुमारे 50 सेंटीमीटर रुंद व 60 सेंटीमीटर लांब तुकडा घ्यावा. तो उभा दुमडून वरची आखूड बाजू शिवली की मागे टोक असलेले टोपडे तयार होते. शिवणीपासून साधारण 18 सेंटीमीटर खाली चुण्या घालून मान बसवावी. उरलेला भाग पाठीवर रुळतो. लंगोटासाठी 60 सेंटीमीटरचा चौकोन कर्णावर दुमडणे पुरेसे आहे. दुपटे मीटरभर चौरस असावे. झबले पुढून उघडणारे, एका बाजूवर दुसरी बाजू येणारे आणि कुशीत बांधायचे शिवावे, म्हणजे ते डोक्यावरून चढवावे लागत नाही. शिवण बाहेरच्या बाजूस ठेवली तर ती कोवळ्या त्वचेला घासत नाही. आत सुटे दोरे मात्र राहू देऊ नयेत. असा दोरा बाळाच्या बोटाभोवती आवळला तर रक्तप्रवाह थांबू शकतो. बटणे, टिकल्या व मणी तोंडात जाण्याचे भय असल्याने साध्या आखूड नाड्या बऱ्या. बारशासाठी खणाची, जरीच्या काठाची कुंची हवीच असेल तर तिला आतून मलमलीचे अस्तर लावावे आणि समारंभ आटोपताच ती उतरवावी. गळ्याशी नाडी असलेली कोणतीही वस्तू घालून बाळाला झोपवू नये.

मोहरीची उशी हा बाळंतविड्यातील सर्वांत आवडता आणि सर्वांत निरुपयोगी जिन्नस. तिने डोके गोल होते, असा समज आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पहिल्या वर्षात बाळाला सपाट, घट्ट बिछान्यावर पाठीवर झोपवावे आणि जवळ उशी, लोड किंवा सैल पांघरूण ठेवू नये. त्यामागे श्वास कोंडण्याचा धोका आहे. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी झोपवताना मानेची बाजू आलटून-पालटून बदलावी. घट्ट शिवलेली, फार मऊ नसलेली वाकळ अंगाखाली घालावी, अंगावर नव्हे. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून त्यात बाळाला एकटे सोडू नये. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून आवळण्याची जुनी पद्धतही खुब्याच्या सांध्याला घातक ठरते. कंबरेखाली पाय दुमडण्याइतकी मोकळीक हवी.

तयार वस्तूंची मदत अलीकडे सरकारेही करू लागली. फिनलंडने 1938 मध्ये गरजू मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी देण्यास सुरुवात केली आणि 1949 पासून ती सर्वांना खुली केली. तेलंगणाने 2017 मध्ये, तर महाराष्ट्राने 2019 मध्ये अशीच योजना आणली. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांत पहिल्यांदा प्रसूत होणाऱ्या मातांसाठी दोन हजार रुपयांपर्यंतचे ‘बेबी केअर किट’ ठरविण्यात आले.

बाळंतिणीसाठी मात्र या सरंजामात लुगड्या-खणापलीकडे फारसे काही नसते. तिला पुढून उघडणारे सैल सुती गाऊन आणि दूध टिपण्यासाठी चार-पाच पदरी गोल घड्या यांची खरी गरज असते. पोट आवळून बांधण्याचा पट्टा, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, तर आणखी एक वस्तू शिवण्यासारखी आहे. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेल्या ‘कांगारू मदर केअर’ पद्धतीत बाळाला फक्त टोपी, लंगोट व मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये ही काळजी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची शिफारस केली. आईचे हात मोकळे राहावेत म्हणून लागतो तो होजिअरीचा, दोघांभोवती दोन वेढे बसतील एवढा रुंद पट्टा. त्याची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी, मान किंचित मागे व चेहरा एका बाजूला असावा आणि पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत. पहिल्यांदा तो परिचारिकेकडूनच बांधून घ्यावा.