वाघिणींची वाट

रेल्वे प्रथम मराठी मुलखात आली तेव्हा तिला काय म्हणावे हा प्रश्न त्या काळच्या लेखकांपुढे उभा राहिला आणि त्यातून दोन शब्द पुढे आले. एक 'आगगाडी' आणि दुसरा 'लोखंडी रस्ता'. पहिला टिकला, दुसरा मागे पडला. हे स्वाभाविकच होते. धूर ओकीत, शिटी फुंकीत येणारे यंत्र डोळ्यांत भरते. त्याच्याखाली निमूट पडून राहिलेल्या रुळांकडे कोण पाहतो? तरीही इतिहासाच्या दृष्टीने मागे पडलेला शब्दच अधिक खरा होता, असे आम्हांस वाटते. कारण रस्ता आधी आला आणि आग पुष्कळ नंतर. किंबहुना रस्ता आला तेव्हा तो लोखंडीही नव्हता, लाकडी होता. त्याच्यावरून माणसे नव्हे, कोळसा जात असे. आणि 'वॅगन' या ज्या शब्दाला मराठी तोंडाने 'वाघीण' हे देखणे रूप दिले, त्या वाघिणी घोडे ओढीत असत.

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास सांगण्याची एक ठरीव पद्धत आहे. जॉर्ज स्टीफन्सन, १८२५ चा स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्ग, १८३० चा लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग आणि मग १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली गाडी. रेषा सरळ आहे आणि वर्गात सांगावयास सोयीची आहे. आम्हीही ती तशीच शिकलो. परंतु इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील लीड्स शहराच्या दक्षिणेस मिडलटन नावाची जी जुनी कोळशाची खाण होती, तिच्या वाघिणींच्या वाटेचा इतिहास वाचू लागले की ही रेषा जागोजागी वाकते, एके ठिकाणी तर चक्क उलटी फिरते. ती का फिरली, आणि फिरण्याचा हिशेब कोणाच्या नावे मांडला गेला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

मिडलटनला कोळसा फार पूर्वीपासून निघत होता. जमिनीत उथळ, घंटेच्या आकाराचे खड्डे खणून वरचा थर उपसावयाचा आणि खड्डा ढासळू लागला की शेजारी दुसरा खणावयाचा, ही तेथील जुनी रीत. त्या खड्ड्यांच्या खुणा आजही मिडलटनच्या उद्यानातील झाडीत दिसतात. अठराव्या शतकात ही जमीन ब्रँडलिंग घराण्याकडे होती. हे घराणे मूळचे न्यूकॅसलकडील, म्हणजे इंग्लंडमधील कोळशाच्या व्यापाराच्या माहेरघरचे. चार्ल्स ब्रँडलिंगची अडचण साधी होती. कोळसा विपुल होता, परंतु खाण नदीपासून दूर, उंचावर होती. प्रतिस्पर्धी खाणमालकांचा कोळसा जलमार्गाने स्वस्तात लीड्सला पोहोचे. मिडलटनचा कोळसा चिखलाच्या रस्त्याने गाड्यांतून किंवा घोड्यांच्या पाठीवरून नेता नेता महाग होऊन बसे. कोळशाची किंमत खाणीत ठरत नाही, वाटेत ठरते, हे सत्य ब्रँडलिंगला न्यूकॅसलकडच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यावर न्यूकॅसलकडचाच उपायही ठाऊक होता : लाकडी रूळ अंथरावयाचे. रुळांवर घर्षण इतके कमी होते की तोच घोडा कच्च्या रस्त्यापेक्षा कितीतरी पट अधिक ओझे ओढतो. टाइन नदीच्या खोऱ्यात अशा वाटा सतराव्या शतकापासून होत्या.

मिडलटनची वाट मात्र एका गोष्टीत निराळी ठरली. ती दुसऱ्यांच्या जमिनींवरून जाणार होती. आज करार करणारा जमीनमालक उद्या फिरला, किंवा त्याचा वारस फिरला, तर रूळ उखडले जाणार. म्हणून ब्रँडलिंगने जमीनमालकांशी केलेल्या करारांना पार्लमेंटचीच मोहोर लावून घेतली. ९ जून १७५८ रोजी हा कायदा मंजूर झाला. रूळमार्गाविषयी पार्लमेंटने केलेला हा पहिला कायदा. मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या ते हेच साल.

या कायद्यातील देवघेव मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ब्रँडलिंगला वाट मिळाली. बदल्यात त्याने लीड्स शहराला साठ वर्षे दरसाल २,४०,००० कॉर्फ कोळसा ठरलेल्या भावाने पुरविण्याचे बंधन स्वीकारले. कॉर्फ म्हणजे खाणीतील कोळशाची टोपली, सुमारे २१० पौंड वजनाची. आणि भाव टोपलीस पावणेपाच पेन्स. आजच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे साडेबावीस हजार टन कोळशाची हमी. पुढे कायद्यात दुरुस्त्या होऊन भाव वाढवून घेण्यात आला, ही गोष्ट वेगळी. पण या हमीच्या कोळशावर लीड्सची भट्टी पेटली. कुंभारकाम, काचकाम, मद्याचे कारखाने, पुढे वाफेवर चालणाऱ्या लोकरीच्या गिरण्या, या साऱ्यांना स्वस्त इंधन लागत होते. लीड्सचा प्रसिद्ध चिनीमातीचा कारखाना तर या वाटेच्या कडेलाच उभा राहिला. म्हणजे औद्योगिक क्रांतीत ज्या शहराचे नाव आपण घेतो, त्या शहराच्या उभारणीत वाफेच्या रेल्वेच्या अर्धशतक आधी घोड्यांच्या रेल्वेचा वाटा होता.

मग घोड्यांना काय झाले? काहीच झाले नाही; ते महाग झाले. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात लष्कराला घोडे हवे होते, लष्कराच्या घोड्यांना चंदी हवी होती, आणि धान्याचे भाव कडाडले होते. शंभर वाघिणी ओढणारी जनावरे पोसणे हा खाणीच्या खर्चातील मोठा रकाना होऊन बसला. १८०८ मध्ये खाणीचा कारभार हाती घेतलेला जॉन ब्लेंकिन्सॉप या रकान्याकडे पाहून अस्वस्थ झाला. वाफेचे चालते इंजिन तोवर अज्ञात नव्हते. १८०४ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने वेल्समध्ये ते रुळांवर चालवूनही दाखविले होते. पण त्याच्या भाराने बिडाचे रूळ तडकले. इंजिन हलके करावे तर गुळगुळीत रुळांवर चाके घसरतील आणि मोठे ओझे ओढले जाणार नाही, अशी शंका. ब्लेंकिन्सॉपने दोहोंच्या मधला मार्ग काढला. एका बाजूच्या रुळाला बाहेरून दाते पाडावयाचे आणि इंजिनाच्या दंतचक्राने ते दाते पकडीत पुढे सरकावयाचे. १८११ मध्ये त्याने यासाठी पेटंट घेतले. इंजिन बांधले ते लीड्समधीलच होल्बेक येथील कुशल यंत्रकार मॅथ्यू मरे याने. त्याने एकाऐवजी दोन सिलिंडर बसविले, त्यामुळे यंत्राची चाल अधिक सुरळीत झाली. १८१२ च्या ऑगस्टमध्ये ही इंजिने कामास लागली. व्यापारी दृष्टीने यशस्वी ठरलेले वाफेचे पहिले रेल्वे इंजिन ते हेच. सपाटीवर ९४ टन भार ताशी साडेतीन मैलांच्या वेगाने ते नेते, आणि सोळा घोड्यांचे काम करते, असा ब्लेंकिन्सॉपचा दावा होता. साडेतीन मैल म्हणजे चालत्या माणसाचा वेग. म्हणजे हे यंत्र वेगासाठी जन्मले नव्हते. सोळा घोड्यांची चंदी वाचविण्यासाठी जन्मले होते.

या इंजिनांची नावेही त्या युद्धाचीच. एकाचे नाव 'सॅलमँका', म्हणजे १८१२ च्या जुलैत वेलिंग्टनने स्पेनमध्ये जिंकलेली लढाई. आणखी दोन इंजिने खुद्द त्याच्याच नावाची, 'लॉर्ड वेलिंग्टन' आणि 'मार्क्विस वेलिंग्टन'. चौथे 'प्रिन्स रीजंट'. हा वेलिंग्टन मराठी वाचकाला परका नाही. १८०३ साली असई आणि अडगाव येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. ज्या युद्धांनी त्याला मोठे केले त्याच युद्धांपैकी एकाने चंदीचा भाव वाढविला, आणि त्या भावातून निघालेल्या यंत्राला त्याचे नाव मिळाले. एवढी वर्तुळाकार गोष्ट कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते.

इथवरची हकीकत कर्तृत्वाची आहे. आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू.

१८१३ च्या फेब्रुवारीत, इंजिने सुरू होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, रुळांच्या कडेने धावणारा तेरा वर्षांचा एक मुलगा गाडीखाली सापडून मेला. लीड्सच्या वृत्तपत्राने बातमी दिली आणि ही घटना इतरांस इशारा ठरेल अशी पुस्तीही जोडली. १८१८ च्या फेब्रुवारीत 'सॅलमँका'चा बॉयलर फुटून चालक ठार झाला. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना जॉर्ज स्टीफन्सनने कारण सांगितले : चालकाने सुरक्षा झडपेशी छेडछाड केली होती. १८३४ मध्ये दुसऱ्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला आणि जेम्स हेविट हा चालक मेला. रेल्वे इंजिन चालविणे हाच ज्याचा नित्याचा व्यवसाय होता असा जगातील पहिला माणूस म्हणून त्याचे नाव सांगतात. जमिनीखाली तर मृत्यू नित्याचाच होता; १८२५ च्या जानेवारीत याच खाणीच्या एका विहिरीत झालेल्या स्फोटात वीसहून अधिक माणसे व मुले गेली.

स्टीफन्सन खोटे बोलला असे आम्हांस सुचवावयाचे नाही. वाफेचा दाब वाढावा म्हणून झडप दाबून धरण्याचा प्रकार त्या काळी अनेक ठिकाणी घडत असे, आणि येथेही तो घडला असेल. आमचा मुद्दा निराळा आहे. झडप कोणी दाबली, या प्रश्नाला उत्तर मिळाले. ती दाबावी असे त्याला का वाटले, हा प्रश्न त्या उत्तरात नाही. चढावर गाडी अडली होती काय, वेळेवर कोळसा पोहोचविण्याची तंबी होती काय, चालकाच्या हाताला पोहोचेल अशा जागी एकुलती झडप ठेवणे शहाणपणाचे होते काय, हे सारे त्या एका वाक्याने मिटून जाते. मुलाच्या मृत्यूवरील वृत्तपत्राची पुस्तीही त्याच जातीची. दोषाचा धडा प्रत्येक वेळी मेलेल्याच्या नावावर जमा होतो. मेलेला माणूस उलटतपासणी करू शकत नाही. हे केवळ यॉर्कशरचे नाही. अपघातानंतरच्या चौकशीचे अहवाल वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही वाक्यरचना ओळखीची वाटेल.

आणि मग ती उलटी फिरलेली रेषा. १८३१ मध्ये ब्लेंकिन्सॉप वारला. त्याची इंजिने वीस वर्षे राबून झिजली होती. युद्ध केव्हाच संपले होते आणि युद्धकाळातील घोड्यांची टंचाईही उरली नव्हती. १८३४ च्या सप्टेंबरात लीड्स ते सेल्बी हा नवा मार्ग उघडून वाफेच्या गाडीत बसलेले प्रवासी शहरात ये-जा करू लागले. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३५ मध्ये, त्याच शहरालगतच्या मिडलटनच्या वाटेवर इंजिने थांबून घोडे परत आले. ज्या वाटेने जगाला वाफेचे इंजिन धंद्यात वापरता येते हे दाखविले, ती वाट पुढची तीस वर्षे टापांच्या आवाजाने चालली. वाफ पुन्हा आली ती १८६६ मध्ये. ब्लेंकिन्सॉपचे दाते तोवर कालबाह्य झाले होते. गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर पुरेसे पकड घेते, हे १८१३-१४ च्या सुमारासच वायलमच्या खाणीवर विल्यम हेडलीने सिद्ध केले होते.

घोडे परत आणणाऱ्यांना आपण मागासलेले म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. १८१२ मध्ये त्यांनी जो हिशेब केला तोच १८३५ मध्ये केला. आकडे तेवढे बदलले होते. यंत्र आले ते ज्ञान पुढे सरकले म्हणून, आणि गेले ते ज्ञान मागे गेले म्हणून, असे झाले नाही. 'प्रगती' हा शब्द आपण नंतर वापरला. खाणीच्या कचेरीत तो शब्द नव्हता. तेथे चंदी, बीड, मजुरी आणि टोपलीचा भाव एवढेच रकाने होते. त्या रकान्यांत इंजिनाची किंमत होती, सोळा घोडे होते. रुळांकडेने धावणाऱ्या मुलासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याची नोंद 'इशारा' या सदरात झाली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८८१ मध्ये मार्गाचे रूळ नेहमीच्या रुंदीचे झाले, १९४७ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९६८ मध्ये मिडलटनची शेवटची खाण बंद पडली. पण त्याआधीच, १९६० च्या जूनमध्ये, लीड्स विद्यापीठातील काही विद्यार्थी आणि अध्यापकांनी हौसेने ही वाट चालू ठेवण्याचे काम अंगावर घेतले होते. आज तेथे सुमारे मैलभर अंतर स्वयंसेवकांची छोटी गाडी धावते आणि १७५८ पासूनची परंपरा अभिमानाने सांगते. होल्बेकच्या दफनभूमीत मॅथ्यू मरेच्या थडग्यावर त्याच्याच कारखान्यात ओतलेला बिडाचा स्तंभ उभा आहे.

आम्ही ती वाट पाहिलेली नाही. कधी जाणे झालेच, तर त्या स्तंभापाशी थांबू. ते स्मारक योग्यच आहे. पण त्याआधी रुळांच्या कडेला, जेथून एक तेरा वर्षांचा मुलगा गाडीबरोबर धावला असेल, तेथे थोडे चालू. गाडीचा वेग त्या वेळी चालत्या माणसाइतकाच होता. तिच्याबरोबर धावावेसे वाटणे, यात त्याचा काय दोष होता?