ग्वाल्हेरचे दिवाण दिनकरराव राजवाडे

ग्वाल्हेरचे नाव काढले की मराठी माणसाला दोन स्थळे आठवतात. एक तानसेनाची कबर आणि दुसरी फुलबागेजवळची झाशीच्या राणीची समाधी. या दोन्ही स्थळी माणसे श्रद्धेने जातात. त्याच शहराचा राज्यकारभार ज्याने विस्कटलेल्या अवस्थेतून सावरला त्या दिवाणाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. सर दिनकरराव राजवाडे हे ते नाव. असे व्हावे याला कारणही आहे. १८५८ च्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरच्या मैदानावर लढत असता हे दिवाण आपल्या महाराजांसह आग्र्याच्या किल्ल्यात इंग्रजांच्या आश्रयाला होते. एवढ्या एका गोष्टीवरून इतिहासाने त्यांना बाजूला ठेवले. हा न्याय पुरता झाला काय, हे पाहण्यासाठी त्यांचे सारे चरित्रच डोळ्यांपुढे आणले पाहिजे.

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. घराणे शिंद्यांच्या चाकरीतले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. कोकणातील कित्येक घराण्यांप्रमाणे या मुलाचे भवितव्यही उत्तरेतल्या मराठी दौलतीशी बांधलेले होते. पंधराव्या वर्षी ते ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत शिरले. इंग्रजी शिक्षण नाही, कोणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालची उमेदवारी नाही; जे शिकले ते कचेरीत बसून आणि मुलूख हिंडून. एका प्रांताचा कारभार हाती येताच त्यांनी तेथील पोलीस आणि वसुली या दोन्ही खात्यांना वळण लावले.

ग्वाल्हेरची स्थिती त्या काळी बिकट होती. डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनियार येथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजांचा इंग्रजांकडून पराभव झाला. पुढच्या वर्षीच्या तहाने दरबारच्या खर्चाने एक फौज ठेवण्यात आली, पण तिच्यावर हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. हीच ती ग्वाल्हेर कंटिन्जंट. महाराज जयाजीराव वयाने लहान, खजिना रिकामा, बेकार शिपाई गावोगाव उंडारत असलेले. अशा वेळी, १८५१-५२ च्या सुमारास, दिवाणगिरीची वस्त्रे दिनकररावांना मिळाली. त्यांनी रयतेला जाचणारे कर उठवले, पुंडावा मोडला, सार्वजनिक बांधकामे हाती घेतली आणि अधिकाऱ्यांचे पगार कमी केले. पगाराला कात्री लावताना त्यांनी स्वतःचा पगारही वगळला नाही. तुटीत चाललेले राज्य थोड्याच वर्षांत शिलकीत आले. काटकसर दुसऱ्याला शिकवणारे कारभारी पुष्कळ होतात. ती आपल्यापासून सुरू करणारा विरळा.

मग १८५७ साल उजाडले. १४ जून रोजी मोरारच्या छावणीत कंटिन्जंटचे शिपाई उठले. जयाजीराव तेव्हा ऐन विशीतले. उठाववाल्यांचे पुढारीपण पत्करावे म्हणून त्यांच्यावर चहूकडून दडपण येत होते. दिवाणांचा सल्ला इंग्रजांची बाजू न सोडण्याचा होता. पगार देऊन आणि आश्वासनांवर झुलवत महाराजांनी व दिवाणांनी ती फौज कित्येक महिने ग्वाल्हेरातच अडकवून ठेवली. तोवर दिल्ली पडली. पुढच्या वर्षी १ जून रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा महाराजांची स्वतःची फौजच त्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण आग्र्याला गेले. जूनच्या मध्यास राणीने रणांगणावर देह ठेवला आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच सर ह्यू रोजने ग्वाल्हेर परत घेतले.

फौजेचा आणि लोकांचा कौल एकीकडे व दिवाणांचा सल्ला दुसरीकडे, असा हा प्रकार होता. दिनकररावांच्या हिशोबी राज्य टिकणे, खजिना टिकणे, रयत लुटली न जाणे हे पहिले. राणीच्या हिशोबात याहून मोठे काही होते. ते दिवाणांच्या हिशोबवहीत मावणारे नव्हते. त्यांची ही उणीव झाकण्याचे कारण नाही. उतारवयातही ते सामाजिक सुधारणांना प्रतिकूल आणि राष्ट्रीय सभेपासून दूरच राहिले.

डिसेंबर १८५९ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. तेव्हा वय चाळीस. आणि याच वयात त्यांनी इंग्रजी शिकायला आरंभ केला. ती भाषा त्यांना सफाईने कधीच बोलता आली नाही. तरीही १८६२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पहिल्यांदा हिंदी सभासद नेमले गेले त्या तिघांत पतियाळाचे महाराज आणि बनारसचे राजा देवनारायण सिंह यांच्या जोडीला दिनकररावही होते. व्हाइसरॉय बदलत राहिले, पण अडचणीच्या प्रश्नावर या ग्वाल्हेरच्या माजी दिवाणांचे मत विचारण्याची रीत चालू राहिली.

या मानमरातबाची किंमत मागणारा प्रसंग १८७५ साली आला. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांनी रेसिडेंट कर्नल फेअर यांना सरबतातून विष देवविण्याचा प्रयत्न केला, असा आरोप होता. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सोबत आणखी दोन इंग्रज. आणि हिंदी बाजूने जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व दिनकरराव. एकेकाळचे धनी आणि त्यांचे दिवाण असे पुन्हा एका ठिकाणी बसले. मल्हाररावांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले होते आणि साऱ्या हिंदुस्थानातील वृत्तपत्रांची नजर बडोद्याकडे लागली होती.

मल्हाररावांचा कारभार वाईट होता, हे दिनकररावांसारख्या कारभाऱ्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. सर हा किताब, कायदेमंडळातील जागा, हा सारा मान सरकारने दिलेला. पण प्रश्न कारभाराचा नव्हता, पुराव्याचा होता. तिघा इंग्रजांनी आरोप शाबीत मानला. दिनकररावांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध होत नाही, असे मत दिले. दोघा महाराजांनीही आरोप मान्य केला नाही. मते तीनास तीन अशी फुटली. शेवटी सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. परंतु विषप्रयोगाच्या आधारावर नव्हे, तर गैरकारभाराच्या कारणावर.

मल्हाररावांचे सिंहासन या मताने वाचले नाही. मात्र जो गुन्हा सिद्ध झाला नाही त्यासाठी त्यांना शिक्षा झाली, असे सरकारला म्हणता आले नाही. सल्लागाराच्या हाती अखेर एवढेच असते. निर्णय दुसऱ्याचा, तलवार दुसऱ्याची, त्याचे स्वतःचे असते ते केवळ मत. १८५८ साली दिनकररावांनी भोवतालच्या फौजेला न आवडणारे मत दिले आणि १८७५ साली आपल्याला मोठेपण देणाऱ्या सरकारला न आवडणारे. पहिले मत आज आपल्याला पटत नाही. पण दुसरे मत पाहिल्यावर पहिले केवळ इंग्रजांच्या मर्जीसाठी दिले होते, असे म्हणणे कठीण होते.

पुढे त्यांना राजा हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. ९ जानेवारी १८९६ रोजी ते वारले. सालारजंग आणि टी. माधवराव यांच्या बरोबरीने त्या शतकातील थोर दिवाणांत त्यांची गणना होत असे. राणीच्या समाधीपुढे वाकणारे मस्तक तेथेच वाकले पाहिजे. त्याविषयी दुमत नाही. परंतु दिनकररावांचा निवाडा करताना ग्वाल्हेरच्या कागदाशेजारी बडोद्याचाही कागद ठेवावा, एवढा न्याय त्यांच्या वाट्याला यावयास हवा.